डावं-उजवं

आमच्या घरात डावं-उजवं नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सांगायला कारणही होतं. माझी मामेबहीण दहावीनंतर करकंबहून आमच्याकडे शिकायला आली होती, आणि नातेवाइकाची मुलगी घरात ठेवून घेतली की शेजारणी आधी तिच्या ताटाकडे बघतात. आई दोघींना सारख्या भाकरी वाढायची, शेंगाचटणीवरचं तेलसुद्धा सारखं घालायची. खरं तर आमच्याकडे डावं-उजवं होतं. फक्त ते ताटात नव्हतं, आईच्या तोंडात होतं.

मला आईनं लहानपणापासून 'आहे', 'नाही', 'होय' असं शुद्ध बोलायला लावलं होतं. एकदा पाहुण्यांसमोर 'न्हाय' म्हणाले म्हणून कान पिळला होता. तीच आई भाची आल्यापासून स्वयंपाकघरातून हाका मारायला लागली, "काय गं, जेवलीस का न्हाय? वाईच दूध पितीस व्हय?" हा आवाज मी त्याआधी आमच्या घरात ऐकला नव्हता. तो तिच्या माहेरचा आवाज होता, आणि मी पडले तिच्या सासरची मुलगी. मी एकदा मुद्दाम "मला बी दूध दे की" म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, "नीट बोल."

तेव्हापासून मला मामेबहिणीचा हेवा वाटायला लागला. वाटायला लागला म्हणजे काय, तो सकाळी माझ्याबरोबर उठायचा आणि माझ्याबरोबर दात घासायचा. जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तिला माझी कॉट मिळाली, कारण ती पाहुणी. पण ती पाहुण्यासारखी वागायचीच नाही. वाढायची वाट बघत बसणं तिला माहीत नव्हतं. सरळ आत जायची, टोपल्यातली भाकरी स्वतःच्या हातानं घ्यायची आणि म्हणायची, "आत्या, अजून एक घेतली गं." आत्याचा नवरा म्हणून बाबांना ती मामा म्हणायची. पाणी यायच्या दिवशी तिनं त्यांच्या हातातून पाइप काढून घेतला, तेव्हा बाबा माझ्याकडे बघून हसले. मला ते हसू अजून आठवतं. मी सोळा वर्षांत एकदाही पाइप घेतला नव्हता, हे खरंच आहे, पण म्हणून हसायचं कारण नव्हतं.

इंग्रजी हा माझा प्रांत होता. निदान ती येईपर्यंत होता. मी बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा तपासायचे, काळ बरोबर आहे का, क्रियापद बरोबर आहे का. ती तपासायची नाही. ती ज्या आवाजात म्हशीला हाकलायची त्याच आवाजात इंग्रजी बोलायची. वर्गात सगळे हसायचे, तीही हसायची, आणि बोलणं पुढं चालूच ठेवायची. अकरावीच्या शेवटी सरांनी वक्तृत्व स्पर्धेला तिचं नाव दिलं. मी पायात काटा मोडल्याचं सोंग करून त्या दिवशी घरी राहिले.

बारावीत आम्हा दोघींना एक ताई भेटली. भेटली म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर. ती पुण्याची, परदेशात शिकून आलेली, आणि आमच्यासारख्या मुलींना फुकट मार्गदर्शन करायची. तिनं आमची मार्कलिस्टं बघून अमेरिकेतली दोन विद्यापीठं सुचवली. निवड झाली तर फी, राहणं, जेवण सगळं तेच देणार होते. एकाच्या नावात डोंगर होता आणि दुसऱ्याच्या नावात नदी, म्हणून आम्ही त्यांना डोंगरवालं आणि नदीवालं म्हणायला लागलो. बाकी दोन्हींत काडीचा फरक नव्हता. दोन्ही लहान गावांत, दोन्हींच्या इमारती लाल विटांच्या, दोन्हींच्या फोटोत हिरवळीवर बसून पुस्तक वाचणारी एक मुलगी. ती मुलगीसुद्धा एकच असावी असा मला संशय होता.

ताईनं नियम समजावून सांगितला. "लवकरची फेरी असते ना, त्यात शक्यता जास्त. पण त्या फेरीत अर्ज एकाच ठिकाणी करायचा. विद्यार्थी, पालक आणि कॉलेज, तिघांनी लिहून द्यायचं की आम्ही फक्त इथंच लवकर अर्ज करतोय आणि निवड झाली तर इथंच येऊ. म्हणजे सुपारी फोडण्यासारखंच. सुपारी दोन घरी फुटत नाही." आणि मग म्हणाली, "एकाच कॉलेजातल्या दोन मुली एकाच ठिकाणी नका जाऊ. उगाच एकमेकींच्या समोर याल. एकीनं डोंगर घ्या, एकीनं नदी. ठरवा तुमचं तुम्ही."

इतकं सोपं होतं. दोन सारख्या गोष्टी आणि दोन मुली. कुणीही शहाणी मुलगी पाच मिनिटांत ठरवून मोकळी झाली असती.

पण मला सारख्या दोन गोष्टींतून एक कधी निवडता आलेली नाही. आम्ही सात-आठ वर्षांच्या असताना आईनं चाटी गल्लीतून एकच कापड आणून आमच्या दोघींसाठी फ्रॉक शिवून घेतले होते. एकाच तागातले, एकाच मापाचे, पिवळ्यावर लाल ठिपके. दिवाळीला करकंबला गेल्यावर मी एक उचलला. तिनं दुसरा अंगात घातला आणि अंगणात गोल गिरकी घेतली. मला लगेच कळलं की चांगला फ्रॉक तिच्याकडे गेला. मी रडून बदलून घेतला. मग तिनं माझा आधीचा घातला आणि परत गिरकी घेतली. त्या सकाळी चार वेळा बदलाबदली झाली. शेवटी मामी म्हणाली, "आगं, गिरकी चांगली हाय तिची, फ्राक न्हवं." सगळे हसले. मला ते तेव्हा समजलं नाही आणि समजलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तर विद्यापीठाचं. मी तिला विचारलं, "तुला कुठलं हवंय?"

"मला कुटलंबी चालतंय की," ती म्हणाली. "तू घे आदी."

हा तिचा मोठेपणा मला सहन व्हायचा नाही. मी दोन दिवस तिच्यावर पाळत ठेवली. ती मोबाइलवर कुठले फोटो जास्त वेळ बघते, ते मोजलं. ती डोंगरवाल्याचं ग्रंथालय बघून "लई भारी" म्हणाली, म्हणून मी डोंगर घेतला. "बरं," ती म्हणाली, आणि नदीवाल्याचा निबंध लिहायला बसली. तासाभरात नदीवाल्याबद्दल मला असं काही काही सांगायला लागली की माझा जीव खालीवर. तिथं होडी चालवायला शिकवतात. तिथं खोलीला खिडकी असते आणि खिडकीतून पाणी दिसतं. चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात मी वाढलेली, मला खिडकीतून पाणी बघायचं नव्हतं का? मी म्हणाले, मला नदी हवी. "बरं," ती म्हणाली, आणि डोंगरवाल्याचा निबंध लिहायला बसली.

प्रत्येक विद्यापीठाचा अर्ज त्याच्या त्याच्या वेबसाइटवर होता, निबंध वेगळा, लिहून द्यायचा हमीचा कागद वेगळा. त्यामुळे होता होता आमच्या दोघींचेही दोन्ही अर्ज भरून तयार झाले. दोघींच्या दोन्ही कागदांवर आमच्या सह्याही झाल्या, कारण दर वेळी मी शपथेवर सांगायचे की हे शेवटचं. ताईनं दोघींचे निबंध वाचले. मामेबहिणीनं करकंबच्या आठवडी बाजारावर लिहिलं होतं, तागडी धरणाऱ्या माणसाच्या करंगळीवर, आणि ताईनं ते परत एकदा पहिल्यापासून वाचलं. माझा वाचून म्हणाली, "छान. व्याकरण अगदी स्वच्छ आहे तुझं."

मी आईला विचारलं, मी काय घेऊ? आई म्हणाली, "दोन्ही सारखीच आहेत ना? मग तिला जे नको ते घे." तिला आधी, मला उरलेलं. आईला तसं म्हणायचं नसेलही. पण मी तसंच ऐकलं आणि दोन दिवस आईशी बोलले नाही.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा आमच्याच कॉलेजात वरिष्ठ लिपिक होते. दर जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपलीकडे ते बसायचे आणि सांगोला, जेऊर कुठकुठून आलेले पालक त्यांच्यापुढे अर्ज धरून उभे राहायचे. त्यांचा एक लाडका शब्द होता, पसंतीक्रम. दहा रकाने असतील तर दहाही भरायचे, एकही मोकळा सोडायचा नाही, हे ते गळा बसेपर्यंत सांगायचे. एका हुशार मुलानं तोऱ्यात एकच कॉलेज भरलं आणि वर्षभर घरी बसला, ही गोष्ट ते दरवर्षी सांगत. आणि हमीपत्र हा त्यांच्या लेखी कागदच नव्हता. रॅगिंग करणार नाही, दुसरीकडे प्रवेश घेणार नाही, माहिती खोटी आढळल्यास अमुक. "हमीपत्रावर सही करायची असते, ते वाचायचं नसतं," असं ते पालकांना सांगत. चांगल्या मनानंच सांगत, मागं रांग असायची.

आमचे अर्ज तेच पाठवणार होते, कारण स्कॅनर ऑफिसात, प्राचार्यांचा शिक्का ऑफिसात आणि आमचे पासवर्ड त्यांच्या डायरीत. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सगळं पाठवायचं ठरलं. त्या सकाळी शेवटचं ठरलं, मी डोंगर, ती नदी. बाबा बुटाची नाडी बांधत होते. मी त्यांना एकटं गाठून म्हणाले, "बाबा, तरी मला वाटतं नदीवालंच चांगलं होतं."

"मग तसं सांग ना तिला."

"सांगितलं तर ती देईल. मला तिनं दिलेलं नकोय."

बाबांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. दोघींच्या प्लॅस्टिकच्या फायली काखेत घेतल्या आणि गेले. संध्याकाळी आले ते खुशीत होते. येताना आमच्यासाठी खारे शेंगदाणे आणले होते. "झालं काम," एवढंच म्हणाले.

निकाल डिसेंबरात आला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. त्या दिवशी नेमकं पाणी आलं होतं, त्यामुळे सगळं घर जागं होतं. बाबा बॅरल भरत होते, आई पिण्याचं पाणी गाळत होती. आम्ही दोघी कॉटवर मोबाइल घेऊन बसलो होतो. तिचा मेल आधी उघडला. नदीवाल्यांनी तिला घेतलं होतं, खर्चासकट. तिनं माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला आणि माझा मेल उघडला.

डोंगरवाल्यांनी लिहिलं होतं, तुम्ही दुसऱ्या विद्यापीठातही लवकरच्या फेरीत हमी देऊन अर्ज केल्याचं आम्हाला कळलं, त्यामुळे तुमचा अर्ज रद्द करण्यात येत आहे. त्याखाली नदीवाल्यांचाही मेल होता. तोच मजकूर. दोन्ही पत्रंसुद्धा एकाच तागातली.

मी क्षणाचाही विचार केला नाही. विचार करायला लागतो तिथं हेवा नसतो. मी ओरडले, "तू केलंस हे. तू त्यांना काहीतरी कळवलंस."

"म्या?" ती म्हणाली. "म्या कशाला कळवू गं?"

"तुला एकटीला जायचंय म्हणून. माझी कॉट घेतलीस, आई घेतलीस, आता हेही घे."

आई गाळणं टाकून आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा बसला. "जिभेला हाड हाय का तुज्या?" आई म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या वाट्याला आलेलं करकंबचं ते पहिलं वाक्य.

बाबा दारात उभे होते. हातातल्या पाइपचं पाणी व्हरांड्यात वाहत होतं. ते म्हणाले, "तिनं काही केलेलं नाही. तुझे दोन्ही अर्ज मीच पाठवले."

कुणालाच काही कळेना. बाबा सांगायला लागले, अगदी खिडकीपलीकडून सांगतात त्याच आवाजात. तुझं मन दोन्हीकडे होतं. दोन्ही अर्ज भरलेले होते. दोन्हींवर तुझ्या सह्या होत्या. मग एक मोकळा कशाला सोडायचा? मी दोन्हींवर सही केली, शिक्के घेतले आणि पाठवले. एक नाही तर दुसरं.

"अहो, ती पुण्याची पोरगी सांगत होती ना," आई म्हणाली, "सुपारी दोन घरी फुटत नाही म्हणून. दोन घरी सुपारी फोडलीत तुमी लेकीची."

"मी तेव्हा ऑफिसात होतो," बाबा म्हणाले. "मला कुणी सुपारी सांगितली नाही. मला हमीपत्र सांगितलं."

आणि मग आईला ते सुचलं. माहेरचा हिशेब ती कधी चुकवत नाही. "आणि हिचे?" तिनं भाचीकडे बोट केलं. "हिचेबी दोन्ही भरलेले हुते की. हिचा एकच का पाठवला?"

बाबांनी पाइप खाली ठेवला. नळ बंद न करता ते त्या वाहत्या पाण्याकडे बघत होते. पाणी वाया जातंय म्हणून रोज आमच्यावर ओरडणारा माणूस.

"हिचेही दोन्हीकडे गेले असते," ते म्हणाले, "तर दोन्हीकडे हीच पुढं असती. मग माझ्या पोरीला जागा कुठं राहिली असती?"

व्हरांड्यातलं पाणी आत आलं तरी कुणी हललं नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यात आधी लागलं ते हे, की माझा बाप मला तिच्यामागं धरतो. शिक्का मारण्याइतकं पक्कं धरतो. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी पुढच्याच श्वासाला, मला आनंद झाला. माझं विद्यापीठ गेलं होतं, एक सोडून दोन्ही गेली होती, आणि मी आतून फुलले होते. दीड वर्ष मी या घरात जे शोधत होते ते सापडलं होतं. डावं-उजवं झालं होतं. माझ्या बाजूनं झालं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिला माझा आनंद दिसावा म्हणूनच बघितलं, खोटं कशाला सांगू.

तिच्या मांडीवर मोबाइल होता. पडद्यावर नदीवाल्यांचं अभिनंदन अजून चमकत होतं आणि ती त्याकडे बघतही नव्हती. ती बाबांकडे बघत होती. "मामा," ती म्हणाली, "म्हंजी माज्या जागंवरबी तुमी हिचा अर्ज धाडला हुता व्हय?"

बाबांनी होकाराची मान हलवली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला ओळखीचा होता. आरशात रोज बघत होते मी तो. करकंबला तिच्या बापानं तिच्यासाठी काय केलं असतं, काय नसतं, मला माहीत नाही. पण त्या सकाळी सगळं मिळालेली ती, सगळं गेलेल्या माझ्याकडे हेव्यानं बघत होती.

लवकरच्या फेरीच्या याद्या विद्यापीठं एकमेकांना दाखवतात, हे ताईनं नंतर सांगितलं, आणि जानेवारीत तिनं माझे आणखी काही अर्ज करून घेतले. कुणी नाही म्हणालं, कुणी हो म्हणालं पण पैसे देणार नाही म्हणालं. मी सोलापुरातच बी.ए. केलं. बाबांनी निवृत्तीपर्यंत पसंतीक्रमाची ती गोष्ट परत सांगितली नाही, आणि हमीपत्र हातात आलं की ते पालकांना मोठ्यानं वाचायला लावायचे. रांग ओरडायची. मामेबहीण तिकडे रुळली. परवा व्हिडिओ कॉलवर खिडकी दाखवत होती. पाणी दिसत होतं, आणि पाण्यामागं चक्क एक डोंगर. "बग की," ती म्हणाली, "हितं दोनीबी हाय." मला आतून जळल्यासारखं झालं. जायचं नाही ते.

पण मला छळतं ते वेगळंच. निकालाच्या त्याच दुपारी आम्ही जेवायला बसलो. आईनं ताटं मांडली. टोपलं नेहमीसारखं मधे होतं. तिची एक भाकरी संपली. मी वाट बघत होते की ती हात घालेल आणि म्हणेल, आत्या, अजून एक घेतली गं. ती बसून राहिली. दोन्ही हात मांडीत. आईचं लक्ष गेलं तेव्हा आईनं वाढली, आणि ती म्हणाली, "बास, पुरे." ऑगस्टात ती विमानानं गेली, तोपर्यंत आठ महिने ती आमच्या घरात तशीच जेवली, कुणी वाढेल तेवढं. बहुतेक वेळा मीच वाढायचे. दोन भाकरी, सारख्या.